चावडर क्लिफडेनचंच, अप्पा

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतायत. ठाण्याहून, पुण्याहून मुग्धाच्या फोनवर मेसेज येतात: शांत माणूस, मोजकं बोलणारा, उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. मी ते वाचतो आणि मला हसू फुटतं. वाद घातला नाही? मग एका सुपावरून गेली कितीतरी वर्षं माझं डोकं खाणारा माणूस कोण होता?

काल इथे तळ्याच्या काठावर तुमचा दहावा झाला. तिथे काय घडलं ते मला तुम्हालाच सांगायचंय, कारण तुम्ही तिथे होतात की नव्हतात याबद्दल आपल्या घरात दोन मतं आहेत. पण आधी आयर्लंड. त्याशिवाय कालचं नीट कळणार नाही. शिवाय आयर्लंडबद्दल बोलायला मला नुसतं निमित्त लागतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आठवतंय ना, आपण तिकडे गेलो कसे ते? तुम्ही आणि आई इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमच्याकडे आला होतात, आणि मुग्धाला तिच्या कंपनीने दोन आठवडे डब्लिनला पाठवलं. मग सगळेच निघालो. आईंना गाडी लागते, आमची ईरा तेव्हा अगदी लहान, म्हणून आई तिला घेऊन डब्लिनच्या फ्लॅटवर राहणार होत्या. उरलो आपण दोघं. मुग्धा म्हणाली, "तुम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून राहणार असाल तर त्यापेक्षा गाडी भाड्याने घ्या आणि फिरून या." चुकीचं बोलली नाही ती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपलं संभाषण प्रवास कसा झाला, तिकडे हवा कशी आहे आणि ऑफिस काय म्हणतंय, एवढ्यावर संपायचं. तुम्ही मला अभिजितराव म्हणायचात. मी तुम्हाला हो म्हणायचो.

तर सासरे आणि जावई एका छोट्या गाडीत बसले आणि आयर्लंडच्या पश्चिमेला निघाले. पुढच्या काही दिवसांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं जेवण जेवणार होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी गाडी आणखी जोरात हाकली असती.

किन्सेलची ती पहिली संध्याकाळ! समुद्राकाठचं रंगीबेरंगी गाव, गल्लीगल्लीत खायच्या जागा, आणि आपण दोघं एका भरलेल्या पबमध्ये लेमोनेड घेऊन बसलेलो. आजूबाजूला प्रत्येकाच्या हातात काळ्या बिअरचा ग्लास, आणि मध्ये आपण दोन सभ्य माणसं स्ट्रॉने लिंबू सरबत पितोय. सासऱ्यांसमोर कसं घ्यायचं म्हणून मी गप्प, आणि जावयासमोर कसं घ्यायचं म्हणून तुम्ही. मग चावडर आलं. दूध, बटाटा आणि माशांचं ते सूप मी ऑस्ट्रेलियात खाल्लं होतं, पण त्या वासाने मी खुर्चीत सरळ बसलो. आणि तुम्ही हात पुढे करून म्हणालात, "घ्या, अभिजितराव."

"नाही नाही, अप्पा, तुम्ही सुरू करा."

"छे, तुम्ही गाडी चालवलीत. तुम्ही घ्या."

"मोठ्यांच्या आधी कसं घेणार?"

आपण दोघं चमचे खाली ठेवून एकमेकांकडे बघत बसलो. सुपावर साय धरली. वाढणारी मुलगी लांबून बघत होती. तिला वाटलं असणार की पदार्थात काही गडबड आहे, म्हणून हे दोघं हात लावत नाहीयेत. ती आली, दहा वेळा सॉरी म्हणाली, आणि आपण काही बोलायच्या आत दोन्ही बाऊल उचलून घेऊन गेली. नवीन गरम चावडर आलं. आणि तुम्ही पुन्हा हात पुढे केलात! शेवटी मी म्हटलं, अप्पा, ती मुलगी आता रडेल, दोघं एकदम घेऊ. तेव्हा कुठे जेवण सुरू झालं. ते चावडर बरं होतं. बरंच. पण आपल्या वादात ते कधी आलं नाही.

केन्मेअरला आपण फसलो ते उजेडामुळे. उन्हाळ्यात तिथे आपल्या जेवणाची वेळ टळून गेली तरी लख्ख प्रकाश असतो. तुम्ही म्हणालात, अजून ऊन आहे, जरा नदीपर्यंत जाऊन येऊ, ठाण्यात तरी आपण नवाच्या आधी कुठे पानावर बसतो. परत आलो तर गावातली एकूण एक किचन बंद. पब उघडे, गाणी चाललेली, पण खायला काही नाही. तिसऱ्या पबमधल्या बाईंना आपली दया आली. त्यांनी चीज आणि हॅम घालून टोस्टेड सँडविच करून दिलं, बरोबर वेफर्सचं पाकीट. आणि तुम्ही शर्टाच्या खिशातून ती डबी काढलीत. आईंनी केलेली लसणाची चटणी! सात समुद्र पार करून ती खिशात, पेनाच्या शेजारी. तुम्ही सँडविच उघडून आत चटणी पसरलीत, आणि त्या बाई काउंटरवर कोपरं टेकून बघत राहिल्या. मग त्यांनीही बोटावर घेऊन चाखली, डोळे पुसले, आणि "ओह, दॅट्स ग्रँड" म्हणून आणखी मागितली. 'ग्रँड' हा शब्द तुम्ही तिथून जो उचललात तो सोडलाच नाहीत. पुढे आमच्याकडे बटाटेवडे ग्रँड, डॉक्टरचा रिपोर्ट ग्रँड, ट्रेन लेट आली तरी ग्रँड.

त्याच टेबलावर तुम्ही घसा खाकरून मला विचारलंत, "अभिजितराव, एक विचारू का? तुम्ही... घेता?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"शुक्रवारी."

"आज काय वार?"

"मंगळवार."

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत, मग दाराकडे. "इथे शुक्रवारच धरू," म्हणालात. अप्पा, मी तुमच्यावर पहिल्यांदा प्रेम केलं ते त्या क्षणी. त्याआधी नुसता आदर होता, आणि आदराला फारसं काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आपली खरी मोहीम सुरू झाली. दोघांनाही कळून चुकलं होतं की समोरचा माणूस खाण्याच्या बाबतीत आपल्याइतकाच वेडा आहे. माझी पद्धत मी युनिव्हर्सिटीत शिकत असताना बनवलेली. तेव्हा मी वॉलॉंगॉंगच्या एका पबच्या किचनमध्ये ताटं धुवायचो, नंतर चिप्स तळायचो, त्यामुळे आतल्या खाचाखोचा माहीत. मी दारातला मेन्यू बघायचो. लांबलचक मेन्यू म्हणजे फ्रीजरची कृपा. फळ्यावर खडूने लिहिलेले चार पदार्थ, त्यातला एक पुसून टाकलेला, म्हणजे आत जायचं. पुसलेला पदार्थ हवाच. संपलाय याचा अर्थ ताजा होता.

तुमची पद्धत याच्या बरोबर उलटी. तुम्ही पुढच्या दाराकडे ढुंकून बघायचा नाहीत. दोन्ही हात मागे बांधून मागच्या गल्लीत शिरायचात. मागच्या दाराशी माती लागलेल्या बटाट्यांची पोती आहेत का, सालं टाकलेली दिसतात का, माशांचे क्रेट ओले आहेत का, की नुसते पुठ्ठ्याचे खोके रचून ठेवलेत? "पुढे ते आपल्याला दाखवतात," तुम्ही म्हणायचात, "मागे ते जे असतं ते असतं." मुन्सिपालटीच्या पाणी खात्यात जन्म घालवल्यामुळे तुम्हाला मागच्या गल्ल्यांची भारी हौस. प्रत्येक गावात आपण असे दोन दिशांना पांगायचो आणि चौकात भेटून आपापला निकाल सांगायचो. लहान मुलांनी खजिना शोधावा तसा उत्साह होता दोघांना. दुपारच्या जेवणावर वाद, रात्रीच्या जेवणावर वाद, आणि मधल्या वेळात रस्त्यावर मेंढ्या आल्या की गाडी थांबवून मागच्या जेवणाची उजळणी.

आणि मग डिंगल. ती गोष्ट मी ईराला किती वेळा सांगितलीय! तुम्ही एका पबच्या मागे वाकून क्रेटमध्ये बघताय, आणि तेवढ्यात आतून शेफ बाहेर आला. दाढीवाला, दांडगा. त्याने काय बघितलं? इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पाठीमागे हात बांधलेला एक गंभीर वयस्कर माणूस, त्याच्या माशांची तपासणी करतोय. तो एकदम ताठ उभा राहिला. सर, काही चुकलंय का, फ्रिज बघायचाय का, या ना आत, म्हणून तुम्हाला अदबीने किचनमध्ये घेऊन गेला. मी तुम्हाला शोधत गल्लीत पोचलो तेव्हा तो तुम्हाला थर्मामीटर दाखवत होता आणि तुम्ही हात हलवत म्हणत होतात, "नो, नो! आय ॲम नॉट इन्स्पेक्टर. आय ॲम ओन्ली हंग्री!"

तो माणूस एवढा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. मग त्याने सकाळी आलेला हॅडॉक मासा तुमच्यासमोर धरला. तुम्ही कल्ला उचलून बघितलात, डोळा बघितलात, आणि मान डोलावलीत. ठाण्याच्या मार्केटात कोळणींसमोर डोलवायचात तशीच. त्याने स्वतः आपल्या टेबलावर चावडर आणून ठेवलं. चमचा उभा राहील इतकं दाट, धुरी दिलेला मासा, बटाटा, वर लोणी. शेजारी तो सोडा घालून केलेला काळसर ब्रेड, भाकरीसारखा ओबडधोबड. तुम्ही डोळे मिटून पहिला घास घेतलात. मला "घ्या" म्हणायला विसरलात. मला त्याचा कोण आनंद झाला!

आता इथून पुढे तुम्ही लक्ष देऊन ऐका, कारण इथून पुढे मी बरोबर आहे.

क्लिफडेनला आपण पोचलो तेव्हा पाऊस आडवा झोडपत होता. माझ्या पद्धतीने शोधलेली जागा. फळ्यावर तीनच पदार्थ, आणि मी बघत असतानाच त्यातला एक पुसला गेला. आत चिखलाचे बूट घातलेली माणसं मान खाली घालून जेवतायत, कुणी बोलत नाहीये. चावडर आलं ते पातळ. तुमच्या कपाळाला आठी पडलेली मी बघितली. पण अप्पा, त्या पातळ रसात काय नव्हतं! शिंपल्यांचं पाणी, सामन माशाचे मोठे तुकडे, थोडीशी बडीशेपेची पानं, आणि क्रीम फक्त नावाला. प्रत्येक मासा वेगळा कळत होता. मी बाऊल ब्रेडने पुसून काढला आणि काही विचार न करता बोलून गेलो, "हे डिंगलपेक्षा चांगलं आहे."

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "काय म्हणालात?"

"हे जास्त चांगलं आहे, अप्पा."

"पातळ आहे."

"म्हणूनच."

"चावडर दाट असतं, अभिजितराव. पातळ झालं की त्याला सार म्हणतात."

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "घरी आईंनी कालवण जरा घट्ट केलं की नाक मुरडणारे तुम्हीच ना? तिथे पातळ हवं आणि इथे दाट? डिंगलला तुम्ही मासा खाल्लाच नाहीत, क्रीम खाल्लंत. आणि त्या शेफने तुम्हाला किचन दाखवलं, तिथेच तुमचा निकाल लागला होता."

बोललो आणि मग लक्षात आलं. सासऱ्यांशी असं बोलत नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही टेबलावर हात आपटलात. "अरे, तू पावसातून उपाशी गाडी मारत आलास! तुला आत्ता कुणी उकळलेलं पाणी दिलं असतं तरी ग्रँड म्हणाला असतास. भुकेल्या माणसाचं मत धरत नाहीत!"

अरे! तू! शेजारच्या टेबलावरची चिखलाच्या बुटांची माणसं वळून बघायला लागली. तुमचा चेहरा लाल झाला होता, आणि तुम्ही इतके खूश दिसत होतात की मी तुम्हाला तसं आधी कधी बघितलं नव्हतं. पुढच्या मुक्कामाला, वेस्टपोर्टला, आपण काय खाल्लं ते मला आजही आठवत नाही. आपण भांडत होतो.

डब्लिनला परत आल्यावर सगळ्यांसमोर तुम्ही पुन्हा अभिजितराव सुरू केलंत. पण वाद म्हटला की तू. ठाण्याहून फोन आला आणि पलीकडून एकदम "अरे, मी विचार करत होतो" ऐकू आलं की मुग्धा फोन न बघता माझ्याकडे द्यायची. शिंपल्यांच्या पाण्याला तुम्ही वाळूची चव आहे म्हणालात. मी धुरी दिलेल्या माशाला लबाडी म्हणालो. इकडे आलात की आपण आसपासच्या गावांत, कायमाला, बेरीला, बुलीला पबमध्ये जायचो आणि तुम्ही आधी मागे जाऊन खोके बघून यायचात. सॉस आणि चीजखाली दडलेला चिकन पार्मा बघून म्हणालात की कोंबडीला एवढं झाकून ठेवायचं काय कारण आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आयर्लंडला जाऊन एकाच आठवड्यात दोन्ही चावडर खायची आणि निकाल लावायचा, असं आपलं ठरलं होतं. त्यासाठी उपाशी न राहता जायचं, ही तुमची अट. किचनमध्ये पाऊल टाकायचं नाही, ही माझी.

मी तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माझे बाबा मी शाळेत असताना गेले. बापाशी वाद घालायचं वय आलं तेव्हा समोर माणूसच नव्हता. मित्र त्यांच्या बापांबद्दल वैतागून बोलायचे, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. म्हणून क्लिफडेनला तुम्ही टेबलावर हात आपटलात तेव्हा मला कुणीतरी काहीतरी देऊन टाकल्यासारखं वाटलं. मी तुम्हाला हे फोनवर सांगू शकलो असतो. पण तुम्ही मध्येच म्हणाला असतात की विषय बदलू नकोस.

या वेळी आलात आणि हॉस्पिटलमध्येच पोचलात. शेवटच्या आठवड्यातल्या त्या दुपारी तुमच्यापुढे बिनमिठाचं पातळ सूप आलं. तुम्ही चमच्याने ढवळून माझ्याकडे सरकवलंत. "घे. तुझं क्लिफडेन."

मी हसलो, पण तुमच्या हाताला लावलेल्या नळ्या दिसत होत्या, डॉक्टर सकाळी जे बोलले ते डोक्यात होतं. मी म्हटलं, "अप्पा, खरं सांगू का, मला वाटतं तुमचंच..."

तुम्ही हात वर केलात. "थांब. होयबा होऊ नकोस. एवढा आजारी नाहीये मी अजून." मग खिडकीकडे बघत हळू म्हणालात, "घरात सगळे माझं ऐकतात. खात्यातही ऐकायचे. तू एकटा मला खोटं पाडतोस. तेवढं चालू ठेव."

मी हो म्हणालो. म्हणजे तुम्हाला शेवटचा जो शब्द दिला तो असा आहे. आता कालचं सांगतो.

गुरुजी सिडनीच्या वेंटवर्थव्हिलहून आले होते, एरवी ते आयटीत आहेत. त्यांनी आधीच सांगितलं होतं की इथे आपल्या कावळ्याच्या जागी रेव्हन, म्हणजे इथला मोठा काळा कावळा चालतो, नो वरीज. आईंनी भात, भजी, खीर सगळं केलं होतं, आणि मी सकाळी तो सोड्याचा ब्रेड भाजून नेला होता. गुरुजी त्याच्याकडे जरा साशंक नजरेने बघत होते, पण ताकात भिजवलाय म्हटल्यावर त्यांनी ठेवू दिला. पान मांडताक्षणी सीगल्सची झुंड आली. ईरा छत्री घेऊन त्यांच्या अंगावर धावली. "गो अवे! इट्स नॉट फॉर यू, मेट!" सीगल्स लांब जाऊन बसले. रेव्हन मात्र एकच होता, बार्बेक्यूच्या शेडच्या छपरावर. तो बघत होता. खाली यायला तयार नव्हता.

आम्ही लांब उभे राहिलो. बराच वेळ गेला. मुग्धा हात जोडून म्हणाली, "अप्पा, मी आईला एकटं ठेवणार नाही. आय प्रॉमिस." पक्षी हलला नाही. आई म्हणाल्या, "मी गोळ्या वेळेवर घेईन. कंटाळा करणार नाही." त्याने मान दुसरीकडे वळवली. गुरुजी हळूच म्हणाले की दर्भाचा कावळा करून लावता येतो, शास्त्रात आहे. आईंनी जोरात मान हलवली. "नको. त्यांचं काहीतरी राहिलंय."

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. "अभिजितराव, तुम्ही म्हणा."

"काय, आई?"

"डिंगलचं चांगलं होतं म्हणा. तेवढंच राहिलंय हो त्यांचं. एवढं म्हणा, म्हणजे सुटतील ते."

मुग्धा माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अभि, प्लीज. जस्ट से इट. एक वाक्य आहे."

एकच वाक्य होतं, अप्पा. इतक्या दिवसांत आई माझ्यासमोर रडल्या नव्हत्या, आणि आता डोळे काठोकाठ भरले होते. तो पक्षी उडून गेला असता तर तुमचा जीव इथे परक्या देशात अडकला असं त्या जन्मभर मनाला लावून घेणार, हे मला दिसत होतं. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्यांचा आहे. मी हात जोडले, पुढे झालो, आणि म्हणायला लागलो, "अप्पा, डिंगलचं चावडर..."

पुढचा शब्द निघेना. तुम्ही हात वर केलेला मला दिसत होता.

"...डिंगलचं चावडर दाट होतं," मी म्हणालो, "कबूल. पण नुसतं दाट होतं!"

"अहो!" आई मागून ओरडल्या.

"धुरी दिली की कुठलाही मासा चांगला लागतो, अप्पा! क्रीम घातलं की कुठलंही सूप दाट होतं! क्लिफडेनला झाकायला काही नव्हतं, म्हणून तिथे मासा कळला! तुम्हाला आतून माहीत होतं, म्हणून तुम्ही टेबलावर हात आपटलात!" माझा आवाज चढला होता. कुत्रा फिरवायला आलेलं एक जोडपं थांबून बघत होतं. गुरुजींनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मी थांबूच शकत नव्हतो. "वाळूची चव म्हणे! एक कण तरी वाळू होती का? सांगा ना! मी ऐकणार नाही तुमचं, आज नाही, कधीच नाही! क्लिफडेनचंच चांगलं होतं!"

छपरावर पंख वाजले. तो खाली आला, गवतावर दोन उड्या मारून थेट पानापाशी गेला आणि पिंडात चोच घातली. ईराची छत्री तशीच हवेत राहिली. मुग्धा हुंदका देऊन खाली बसली.

आईंनी पदर डोळ्यांना लावला, नाक ओढलं, आणि त्याच्याकडे एकटक बघत म्हणाल्या, "आले बघा. भांडायलाच आले."